खरे कुजबुजणारा समाज

दुरुस्तीला दिलेली गाडी आणखी बिघडून परत आली, अशी हकीगत कोकणातल्या बुरोंडीपासून दापोलीपर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. कुणाची गाडी धुऊन आली ती दारावर ओरखडा घेऊन. कुणाच्या क्लचचे काम झाले आणि गिअरबॉक्स आवाज करू लागला. कुणाचे ऑइल बदलताना खालचा नट सैल राहिला आणि घर गाठण्याआधी इंजिन जाम झाले. ऐकणारे मान हलवतात, आपापली हकीगत तिला जोडतात, चहा संपवून उठतात. यातले काहीही कागदावर उतरत नाही. गावभर बोलले जाणारे हे सत्य सर्व्हिस सेंटरच्या दप्तरात औषधालाही सापडत नाही. तिथे प्रत्येक काम पूर्ण आहे, प्रत्येक ग्राहक समाधानी आहे आणि प्रत्येक पानाखाली आपली सही आहे.

माझा आरोप या सहीपासून सुरू होतो. आपण खोट्याखाली सही करतो आणि खरे टपरीवर बोलतो. डीलरची लबाडी उभी राहते ती आपल्या याच सवयीवर. डीलरला दोष द्यायलाच हवा, आणि तो मी देणार आहे; पण त्याच्या लबाडीला पाया घालून देणारा समाज, म्हणजे तुम्ही आणि मी, नामानिराळे राहू शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. बंदरावरून मासळी आणि बर्फ वाहणारा एक पिकअपवाला समजा. गाडी कर्जाची, मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचे तर इथल्या बहुतेकांना खेड, चिपळूण नाहीतर रत्नागिरीची वाट धरावी लागते. म्हणजे एक दिवसाची कमाई आधीच बुडाली. सेंटरमध्ये रेडिएटरचा पाइप बदलला जातो, पण क्लिप नीट आवळली जात नाही. परतीच्या चढणीवर कूलंट गळून जाते, इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट उडते. काही रुपयांच्या क्लिपपायी इंजिन उघडण्याची पाळी येते. गाडी टोचन करून पुन्हा सेंटरला नेली की तीन उत्तरे तयार असतात. पहिले : काटा वर गेलेला दिसला नाही का, गरम गाडी चालवलीत म्हणून हे झाले. दुसरे : समुद्राकाठची गाडी आहे, खाऱ्या हवेने क्लिपा सडणारच. तिसरे : जॉबकार्डावर तुमची सही आहे, गाडी नेताना तक्रार नव्हती.

या तिन्ही उत्तरांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच ती जास्त घातक आहेत. गरम इंजिन चालवू नये, हे खरे. पण ते तापले कशाने, हा प्रश्न त्याने मिटत नाही. खाऱ्या हवेने लोखंड सडते, हे बुरोंडीकराला कुणी शिकवायला नको; पण क्लिप सडलेली होती तर नवा पाइप त्याच क्लिपवर बसवला कुणी, आणि जॉबकार्डावर तशी नोंद का केली नाही? समुद्राला साक्षीला बोलावून आपल्या कारागिराची चूक झाकण्याचा हा प्रकार किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यांना ठाऊक आहे. सहीचे म्हणाल, तर ती घेतली कधी? बिल भरल्यावर आणि किल्ली हातात पडण्याआधी, गाडी एक किलोमीटरही चालवून न बघता.

चूक होणे हा गुन्हा नाही. हाताने काम करणाऱ्याच्या हातून एखादी क्लिप सैल राहील. चूक दिसल्यावर ती कबूल न करता नडलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकणे, हा अधर्म आहे. त्यातला सगळ्यात निर्दय भाग असा की सेंटरला पिकअपवाल्याची नड पक्की ठाऊक असते. गाडी पुरावा म्हणून तशीच उभी ठेवावी तर हप्ता थांबत नाही आणि मासळी वाट बघत नाही. दुसरीकडे दुरुस्त करून घ्यावी तर पुरावा नाहीसा होतो. श्रीमंताला पुरावा जपणे परवडते. ज्याचे पोट चाकावर आहे त्याला ते परवडत नाही. हे ओळखून जो दिवस ढकलत राहतो, तो नुसता वाईट कारागीर नव्हे. दुसऱ्याच्या गरिबीचा तो हत्यार म्हणून उपयोग करतो.

कायद्याने ही जबाबदारी कधीच ठरवून ठेवली आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, विश्वासाने ताब्यात घेतलेल्या दुसऱ्याच्या वस्तूची काळजी सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यावी लागते. त्याच कायद्याने कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही दिला. आपल्या समाजात यातला दुसरा भाग प्रत्येक काउंटरवर पाठ आहे आणि पहिला कुणालाच आठवत नाही. पैसे दिल्याशिवाय गाडी हलणार नाही, हे ठणकावून सांगणारा माणूस ती गाडी सांभाळण्याचे कर्तव्य मात्र ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशा पाटीमागे लपवतो. पाटी लावल्याने कर्तव्य पुसले जात नाही.

डीलरच्या मागे कंपनी उभी असते. निदान जाहिरातीत तरी तसेच दिसते. पाटीवर नाव कंपनीचे, कामगाराच्या शर्टावर खूण कंपनीची, बिलाच्या डोक्यावर चिन्ह कंपनीचे. तंटा उभा राहिला की मात्र कंपनी वेगळी आणि डीलर वेगळा. गोव्यातल्या एका ग्राहकाचा खटला या बाबतीत प्रत्येक गाडीवाल्याने माहीत करून घ्यावा. त्याला गाडी २०११ ची हवी होती. हाती आलेली गाडी २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर फिरलेली, खालून गंजलेली आणि ओरखडे असलेली आहे, अशी त्याची तक्रार होती. जिल्हा ग्राहक मंचापासून पायऱ्या चढत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल लागला : कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे, म्हणून डीलरने केलेल्या गोष्टीची माहिती कंपनीला होती असे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येत नाही. कंपनी सुटली, डीलरची जबाबदारी कायम राहिली. कायद्याचा हा अर्थ न्यायालयाने लावला आहे आणि तो मानायलाच हवा. पण नीतीचा प्रश्न उरतोच. ज्या नावाकडे बघून ग्राहक विश्वास टाकतो, ते नाव विश्वासाची किंमत वसूल करते आणि त्याची जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालते. हे न्याय्य आहे का, हे प्रत्येक कंपनीच्या संचालकाने स्वतःला विचारावे. आणि ग्राहकाने या निकालातून एक धडा घ्यावा : तक्रारीचे पहिले पत्र डीलरबरोबर कंपनीलाही त्याच दिवशी पाठवा, म्हणजे ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणायला तिला जागा राहणार नाही.

ग्राहकाने दुसरीकडे जाऊच नये, अशीही तजवीज केली गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने देशातल्या १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच : सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल असा धाक ठेवणे. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण देशातल्या नियामक संस्थेने जे नोंदवले ते दापोलीच्या गॅरेजवाल्याला आधीपासून ठाऊक होते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश केला. पोर्टलने हक्काची माहिती मिळते. हक्क बजावण्याची हिंमत समाजाला स्वतःच कमवावी लागते.

आणि तिथेच आपण हरतो. त्या पिकअपवाल्याने गाडी गावाकडच्या मिस्त्रीला दाखवली, तर तो पाच मिनिटांत नेमके सांगेल : क्लिप सैल होती, पाइप इथून निसटला, म्हणून हेड गेले. त्याचे निदान बहुधा अचूक असते. ‘एवढे लिहून द्या’ म्हटले की त्याचा चेहरा बदलतो. ‘लिहून कशाला, मला कशाला मध्ये घेता?’ त्याला डीलरकडून पार्ट घ्यायचे असतात, उद्या त्याच्या मुलाला तिथे नोकरी हवी असते, कोर्टात उलटतपासणीला कोण उभा राहणार, ही भीती असते. विमा कंपनीचा सर्व्हेअर खाजगीत एक बोलतो आणि अहवालात दुसरे लिहितो, अशीही हकीगत ऐकू येते. ज्याच्या हातून क्लिप सैल राहिली, तो सेंटरमधला मुलगाही फाटकाबाहेर हळूच ‘दादा, चूक आमचीच होती’ असे सांगून जातो. सगळ्यांना सगळे माहीत असते. एकही जण लिहीत नाही.

मिस्त्रीच्या या भीतीला आणखी एक मूळ आहे, आणि ते आपल्या जातिबद्ध समाजात खोल रुजलेले आहे. हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान नव्हेच, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. आयुष्यभर इंजिने उघडून बसवलेल्या माणसाला आपण ‘काळ्या हाताचा’ समजतो आणि ज्याने आयुष्यात एक नट फिरवला नाही त्याच्या लेटरहेडला ‘तज्ज्ञाचे मत’ म्हणतो. मिस्त्रीला वाटते, माझ्या लिहिण्याला किंमत कोण देणार? त्याला असे वाटायला आपणच लावले आहे. कायदा मात्र आपल्यापेक्षा पुढे आहे. पुरावा कायद्यात तज्ज्ञ ठरतो तो त्या विषयातल्या विशेष कौशल्यामुळे. पदवीची सक्ती तिथे नाही. १८७२ च्या कायद्यातले हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. जो सन्मान कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी द्यायची तयारी ठेवली, तो समाजाने अजून दिलेला नाही.

आता आपल्याकडे, ग्राहकांकडे वळू. गाडी ताब्यात देताना काउंटरवरचा मुलगा विनवतो : ‘कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या साहेब, नाहीतर माझा पगार कापतील.’ आपण कळवळतो आणि दहा देतो. हा चांगुलपणा वाटतो, पण त्याचे फळ काय? कंपनीच्या नोंदीत ते सेंटर उत्तम ठरते, मालकाला बक्षीस मिळते, त्या मुलावरचा जुलूम तसाच चालू राहतो आणि पुढच्या ग्राहकाला सांगितले जाते की आमच्याविषयी कुणाचीच तक्रार नाही. त्या मुलावर खरोखर दया असेल तर कंपनीला खरे सांगा : मुलगा सभ्य आहे, काम वाईट झाले आहे, आणि कमी गुणांसाठी कामगाराचा पगार कापणे अन्याय आहे. ओरडायचे असेल तर मालकावर ओरडा; सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर राग काढून घरी येणे ही मर्दुमकी नव्हे.

तीच गत बिलाची. ‘बिल नको, थोडे कमी करा’ असे आपण स्वतः म्हणतो. करापोटी काही रुपये वाचवतो आणि आपला पहिला पुरावा स्वतःच्या हाताने फाडतो. सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, पण बिल न मागणाऱ्या समाजाला या कलमाचा उपयोग काय? सरकारला फसवताना आपण दुकानदाराचे भागीदार होतो आणि तोच दुकानदार आपल्याला फसवतो तेव्हा आपण नीतीच्या गोष्टी सांगतो. भागीदाराला फिर्याद करता येत नाही.

याहून मोठे पाप ‘साहेबांच्या फोन’चे आहे. ज्याचा मामा पक्षात, ज्याचा मेव्हणा पोलिसात, ज्याची आमदारांशी ऊठबस, त्याचे काम फोनवर होते. गॅस्केट फुकट बसते, गाडी घरपोच येते, मालक स्वतः माफी मागतो. त्या माणसाला वाटते आपण लढाई जिंकलो. त्याने लढाई जिंकलेली नाही. ओळख वापरून तो रांगेतून बाहेर पडला आणि मागे राहिलेल्यांची रांग जास्त लांब केली. जो हक्क सर्वांचा होता, त्याचा त्याने स्वतःपुरता प्रसाद करून घेतला. सेंटरने चूक मान्य केली तीही त्याच्या कानात, कागदावर नाही. दुसऱ्याच दिवशी ओळख नसलेला पिकअपवाला त्याच काउंटरवर उभा राहतो, तेव्हा त्याला तीच तीन उत्तरे मिळतात.

आणि जो खरोखर कागद हातात घेतो, त्याला आपण काय म्हणतो? कटकट्या. भांडकुदळ. त्याला शहाणपण शिकवायला आपल्याकडे म्हण तयार आहे : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ज्या काळी कोर्ट म्हणजे पिढ्यांचे दिवाळे होते, त्या काळी ती म्हण सावधगिरीची असेल. आज ती अन्याय करणाऱ्याच्या कामाची झाली आहे. ग्राहक न्यायालयाची पायरी बांधायला याच महाराष्ट्रातल्या माणसांनी आयुष्ये घालवली. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ग्राहकांच्या चळवळीतून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. २० जुलै २०२० पासून त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा लागू झाला आणि त्याने पायरी आणखी खाली आणली. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि ती ऑनलाइनही करता येते. दूरदृश्य माध्यमातून सुनावणी मागता येते. १९१५ या क्रमांकावर फोन केला की राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मिळते. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ‘व्यापारी’ म्हणून हाकलला जाऊ नये, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

सरकारही या आरोपातून सुटत नाही. कायदा म्हणतो, तक्रार तीन महिन्यांत निकाली काढा, तपासणी लागली तर पाच महिन्यांत. पण आयोगांवर अध्यक्ष आणि सदस्यच नेमले जात नव्हते, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बुरोंडीच्या माणसाला रत्नागिरी म्हणजे खेड, चिपळूण, संगमेश्वर ओलांडून जायची वाट, नाहीतर दाभोळची फेरीबोट आणि पुढे गुहागरची. एवढे करून तिथे नुसती तारीख मिळाली तर ती जुनी म्हण जिवंत ठेवल्याचे पाप सरकारच्या माथी बसते.

कोकणातला माणूस भित्रा आहे म्हणून हे चालते का? मुळीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुका झोडपला. छपरे उडाली, बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद झाले. तेव्हा शेजारी शेजाऱ्यासाठी कोयता घेऊन धावला. शेजारच्या हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो, तेव्हा बोली उघड्यावर, चार माणसांसमोर बोलली जाते आणि शब्दाला मोल असते ते त्याच उघडेपणामुळे. समुद्रात जायचे धैर्य आपल्यात आहे, उघड बोलायची रीत आपल्यात आहे. कागदापुढे आणि काउंटरपुढेच आपला आवाज का बसतो? कारण तिथे एकटे उभे राहावे लागते, आणि एकट्याच्या मागे उभे राहायची सवय आपण लावून घेतलेली नाही.

ती लावून घेता येते, आणि त्यासाठी कुणा अवताराची वाट बघायची गरज नाही. गाडी देताना तिचे चारी बाजूंनी फोटो काढा, काट्यावरचे किलोमीटर, बॅटरी आणि टायरचे नंबर टिपून ठेवा, जॉबकार्डाची प्रत मागा. बदललेले जुने पार्ट परत मागा; तुमच्या पैशाने बदललेला पार्ट तुमचा आहे. गाडी चालवून पाहिल्याशिवाय समाधानाची सही करू नका. करावीच लागली तर ‘तपासणी न करता, हरकत राखून’ असे स्वतःच्या अक्षरात लिहा. बिघाड झाला तर गाडी पुढे रेटू नका, आहे त्या स्थितीत व्हिडिओ घ्या, त्याच दिवशी लेखी कळवा. दुसरीकडे दुरुस्त करणे भाग पडले तर दोन माणसांसमोर पंचनामा करा, निकामी भाग जपून ठेवा आणि दुरुस्त करणाऱ्याचे लेखी मत घ्या.

यापुढचे काम गावाचे आहे. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांनी ठरवावे की जे तोंडी सांगू ते सहीनिशी लिहून देऊ. सगळ्यांनी लिहून दिले तर डीलर पार्ट कुणाकुणाचे बंद करील? मच्छीमार सोसायट्यांनी, रिक्षा आणि टेम्पोवाल्यांच्या संघटनांनी एक वही ठेवावी : कुठल्या सेंटरात काय काम झाले, काय बिघडले, उत्तर काय मिळाले, तारखेसह. टपरीवरच्या दहा हकीगती एका वहीत आल्या की ती कुरबूर राहत नाही, पुरावा होते. ग्रामपंचायतीने तक्रारीचा अर्ज भरून द्यायला शिकलेल्या एका मुलीला किंवा मुलाला नेमावे.

दिवस हवा असेल तर तोही आहे. १९८६ च्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तो २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन आहे. २४ डिसेंबर हाच साने गुरुजींचा जन्मदिवस. ते १८९९ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या पालगडला जन्मले. त्या दिवशी शाळांत हार घातले जातात, मुले सत्यावर भाषणे करतात, टाळ्या पडतात. हार घाला, भाषणेही करा. पण त्याच दिवशी त्याच मुलांना बिल वाचायला शिकवा, तक्रारीचे पत्र लिहायला लावा, आपल्या बापाच्या फसलेल्या गाडीची हकीगत सहीनिशी कागदावर उतरवायला लावा. सत्यावर भाषण करायला धैर्य लागत नाही. सत्याखाली नाव लिहायला लागते.

मिस्त्रीने आपल्या निदानाखाली नाव लिहावे. सर्व्हेअरने खाजगीत बोललेले अहवालात लिहावे. डीलरने आपल्या कामगाराची चूक आपल्या लेटरहेडवर कबूल करावी आणि भरून द्यावी. अशा डीलरकडे ग्राहक पाठ फिरवणार नाही, उलट चार माणसे घेऊन येईल. ओळखीवाल्याने साहेबांना फोन करण्याआधी, ज्याला ओळख नाही त्याच्या अर्जावर साक्षीदार म्हणून सही करावी. आणि शेजारी फसला असता ‘जाऊ दे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ओळखावे की तो शांतता राखत नाही, चोराला मुदतवाढ देतो आहे. फसवणाऱ्याला शिक्षा आयोग देईल तेव्हा देईल. त्याला अभय देणे आपण आज थांबवू शकतो, आणि ते थांबवले नाही तर पुढच्या फसवणुकीत आपला वाटा धरला जावा.